एक प्रयत्न शिल्लक

दुपारी मी मेथी निवडत बसले होते. पिठाच्या डब्यावर ठेवलेला फोन थरथरत कडेपर्यंत सरकला, पडायच्या आत मी तो धरला. मराठीतच लिहिलं होतं. नमस्कार विद्यार्थी, गणिताच्या अभ्यासक्रमात आपलं स्वागत आहे. वाचलं आणि मी उठून उभी राहिले. मांडीवरची मेथी फरशीवर सांडली. का उभी राहिले, कुणासाठी, काही कळलं नाही. स्वयंपाकघरात माझ्याशिवाय कुणी नव्हतं, कुकर होता, खिडकीत धुऊन वाळत घातलेल्या दुधाच्या पिशव्या होत्या. मला आई म्हणतात, काकू म्हणतात, मावशी म्हणतात, दवाखान्यात पेशंट म्हणतात. विद्यार्थी म्हटल्याला इतकी वर्षं झाली होती की तो शब्द माझ्या अंगाला लागला तो एकदम पायांतच गेला. मी परत बसले, मेथी गोळा केली, पण गुडघ्यांत ते उठणं दिवसभर राहिलं.

मेसेज दीक्षासाठी होता हे मला माहीत होतं. दीक्षा माझी सून. चाकणला गाड्यांच्या वायरी जोडायच्या कंपनीत ती लाइनवर काम करते. तिथं फोन आत नेऊ देत नाहीत, गेटवर जमा करून टोकन घ्यायचं, सुटताना परत घ्यायचा. कॉलेजचा एखादा निरोप दिवसा येऊन हुकायला नको म्हणून तिनं प्रवेश घेताना नंबर माझा दिला. "तुम्ही घरीच असता ना आई. काही आलं तर मला सांगा फक्त," ती म्हणाली होती. घरीच असता. त्यात खोटं काहीच नव्हतं. बारावीनंतर तिचं शिक्षण थांबलं होतं, आता तिला घरबसल्या पदवी घ्यायची होती, लाइनवर आठ तास उभं राहायचं सोडून क्वालिटीच्या खोलीत जायचं होतं. त्यासाठी आधी हे गणित, आणि गणिताच्याही आधी एक पूर्वतयारीची चाचणी. वीसपैकी बारा मिळाले तरच प्रवेश पक्का, तेही महिनाअखेरच्या रविवारपर्यंत. नाही तर पुढच्या वर्षी, आणि पुढच्या वर्षी तिचं कंत्राट संपणार होतं. हे सगळं ती भांडी घासता घासता माझ्या मुलाला, रतनला, सांगायची. मी पलीकडे कणीक मळत ऐकायची.

घरातल्या शिकणाऱ्या माणसासाठी गप्प बसायची मला सवय आहे. रतनचे बाबा आकुर्डीला कंपनीत हेल्पर म्हणून लागले, तेव्हा पत्र्याची एकच खोली होती आमची. कंपनी सुटल्यावर ते पिंपरीला संध्याकाळच्या क्लासला जायचे, मशीनवर घेतील या आशेनं. घरी आले की कंपासपेटी उघडायचे, आणि मी पेटता स्टोव्ह उचलून बाहेर न्यायची, कारण त्याचा आवाज त्यांना सहन होत नसे. बाहेर वाऱ्यानं स्टोव्ह फडफडायचा. तान्ह्या रतनला खांद्यावर टाकून मी नळापर्यंत फेऱ्या मारायची आणि दरवेळी परतताना दारातून बघायची: बल्बखाली वाकलेली मान, पट्टी, कानावर खोचलेली पेन्सिल. एकदा न राहवून म्हटलं, "तो तीन पलीकडे नेला तर सुटेल ना?" त्यांनी वर न बघता सांगितलं, "तू भाकरी बघ, करपतीय." भाकरी खरंच करपत होती. मग रतनची शाळा, रतनचा क्लास, रतनचा डिप्लोमा. टीव्ही बंद, पाहुणे बंद, मी बंद. या दोघांचा हेवा वाटला नाही असं नाही, पण तो लांबूनचा होता, रस्त्यानं चाललेल्या वरातीतल्या घोड्याचा वाटावा तसा. दीक्षाचं वेगळं. ती माझ्याच पोळपाटावर पोळ्या लाटते, माझ्याच मोरीत धुणं धुते, माझंच आडनाव लावते. कंपनीच्या बसमधून उतरून येते, पाय धुते, केसांचा बुचडा बांधून त्यात पेन खोचते आणि टेबलाशी बसते. आणि रतन तिला चहा करून देतो. "साखर बघ गं, झाली का नीट?" असं वर विचारतो. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मुलगा चांगला निघाला म्हणून आनंद व्हायला हवा होता. मी पातेलं उगीचच जोरात आपटलं.

बाहत्तर साली मी नववीत होते. करमाळ्याकडचं आमचं गाव, शाळा पलीकडच्या गावात, वर्गात आम्ही दोघीच मुली आणि आमच्या वस्तीतली मी एकटी. बीजगणिताचे सर फळ्यावर क्ष लिहायचे तेव्हा त्याची शेपटी लांब ओढायचे. "आपल्याला माहीत नाही ना, मग मानू या," असं म्हणायचे. ते मला फार आवडायचं. आमच्या घरात जे माहीत नसायचं त्याची भीती असायची. उद्या काम मिळेल का, आईचा खोकला कसला. इथं माहीत नसलेल्याला आधी एक अक्षर द्यायचं, मग त्याला दोन्ही बाजूंनी घेरत घेरत कोपऱ्यात आणायचं, आणि शेवटी ते मुकाट्यानं सांगायचं की मी पाच आहे. त्या वर्षी पाऊस आला नाही. घरातली सगळी मोठी माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली, आणि मीही मोठ्यांत धरली गेले. दुपारी सुकडी मिळायची, ती ओंजळीत घेऊन मी सावली शोधायची. एकसामयिक समीकरणांपर्यंत आमचं झालं होतं. पुढं वर्गसमीकरणं होती. न शिकवलेली ती पानं मी आधीच उलटून पाहिली होती, क्षच्या डोक्यावर लहानसा दोन, पक्षी बसावा तसा. तो कसा उतरवतात हे मला कळायचं राहिलं. खडीच्या ढिगावर बसून मी तो दोन मनातल्या मनात काढायची. पुढच्या उन्हाळ्यात लग्न झालं, आणि लग्नात माझं गणित कुणी विचारलं नाही.

मेसेजखाली एक निळी ओळ होती. दुसऱ्या दिवशी दीक्षाची बस गेली, रतन गेला, आणि मी त्या ओळीवर बोट ठेवलं. आकडा टाका म्हणाला. तो आकडा माझ्याच फोनवर आला आणि माझ्या फोननं आपला आपणच भरून टाकला. मला काही करावंच लागलं नाही. आत एक चष्मेवाली तरुण बाई उभी होती, दीक्षापेक्षाही लहान असेल. "समजा एक्स," ती म्हणाली. क्षला आता एक्स म्हणत होते, पण शेपटी तीच होती. मी गॅस बंद केला. माळ्यावरून रतनची पाटी काढली, पेन्सिलीचा तुकडा मिळाला, आणि रोज दुपारी फोन डब्याला टेकवून त्या बाईंच्या समोर बसू लागले. संध्याकाळी दीक्षा लॅपटॉप उघडायची. "आई, आकडा आला का?" असं विचारायची, मी वाचून दाखवायची, आणि मला आत सोडणारा आकडा मी तिला असा उसना दिल्यासारखा देते असं मला वाटायचं. धड्यांपुढे हिरव्या खुणा बघून ती कपाळाला हात लावायची. "हेपण बघून झालं? ओव्हरटाइमनं डोकं गेलंय माझं, काय बघितलं तेसुद्धा आठवत नाही." मी पोळ्यांना तूप लावत राहायची. आणि एका दुपारी बाईंनी एक्सच्या डोक्यावर लहानसा दोन काढला. मी फोन थांबवला. पडद्यावर तेवढंच राहिलं, तो दोन आणि बाईंचा अर्धा हात. खाली भंगारवाला ओरडत गेला, कुठंतरी ड्रिल चालू होतं, आणि मी त्या दोनकडे बघत बसले. मग पाटीवर तो काढला. माझ्या हातून तो जरा मोठाच आला.

शेवटच्या धड्यानंतर चाचणी होती. आमच्या वेळी धड्याच्या शेवटी उदाहरणं असायची. सोडवायची, पुसायची, पुन्हा सोडवायची. ओलं फडकं फिरवलं की मागचं कुणी विचारत नसे. त्याच हिशेबानं मी गुरुवारी दुपारी चाचणी दाबली. कॅमेऱ्यानं समोर एकच चेहरा आहे ना एवढं बघितलं, कुणाचा ते विचारलं नाही. सात मिळाले. खाली लिहून आलं, दोन प्रयत्न शिल्लक. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. एकूण तीन होते, त्यातला एक मी वापरला होता, आणि तो पुसता येत नव्हता. फोन उशीखाली ठेवून मी भात टाकला. पहिल्या वेळी मला माहीत नव्हतं. शुक्रवारी दुपारी पुन्हा दाबली तेव्हा माहीत होतं. बोटाखाली तो चौकोन होता आणि डोळ्यांपुढे दीक्षाचा बुचडा, त्यातलं पेन, रतनचा चहा. मला बारा हवे होते. मला अकरा मिळाले. एका गुणासाठी मी त्या डब्यावर कपाळ टेकून बसले. मग एक विचार आला: बारा मिळाले असते तर दीक्षाचा प्रवेश ती न बसताच पक्का झाला असता, आणि नाव तिचंच लागलं असतं, माझ्या बारावर. हे लक्षात आलं तेव्हापासून अकराचं वाईट वाटेनासं झालं. संध्याकाळी ती आली, मोजे काढले, पायांवर इलास्टिकचे वळ उठले होते. "काही आलं होतं का आई, फोनवर?" "नाही काही," मी म्हटलं.

रविवारी चाचणीसाठी खोली तयार करायची होती. भिंतीवर लिहिलेलं काही नको, खोलीत दुसरं कुणी नको, कॅमेरा सगळं बघतो. रतननं कॅलेंडर काढलं, गॅस एजन्सीचं घड्याळही काढलं. बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो समोरच्या भिंतीला होते, ते दीक्षाला दिसणार होते, कॅमेऱ्याला नाही. दीक्षानं आकडा मागितला, मी सांगितला. तिनं तो टाकला आणि तिचे हात थांबले.

"रतन, इथं एकच प्रयत्न शिल्लक दाखवतंय."

"सर्व्हरचा लोचा असेल."

"नाही. गुरुवार दुपार, सात. शुक्रवार दुपार, अकरा." ती वाचत होती. "मी तर तेव्हा लाइनवर होते."

"हॅक झालं असेल."

"चोर येऊन गणितं सोडवून जाईल का रतन?"

रतन हसला. दीक्षा हसली नाही. तिची नजर लॅपटॉपवरून निघाली, मांडणीवरच्या भांड्यांमागून पाटीची लाकडी कड दिसत होती तिथं थांबली, आणि मग माझ्या हातातल्या फोनवर आली. तिथं ती बराच वेळ होती. मी पदर सारखा केला. तिच्या चेहऱ्यावर राग यायची मी वाट बघत होते, राग आला असता तर मला सोपं गेलं असतं. तिनं फक्त तोंडातल्या तोंडात काहीतरी जुळवलं आणि पुन्हा लॅपटॉपकडे वळली.

"वेळ जातोय," ती म्हणाली. कॅमेरा खोलीभर फिरवला. लॅपटॉप बोलला की खोलीत दुसरी व्यक्ती दिसते आहे. रतन दाराआड झाला, मी मोरीत सरकले, तरी तेच. मग रतनच्या लक्षात आलं. "बाबा आहेत!" हार घातलेला रतनच्या बाबांचा फोटो दीक्षाच्या मागच्या भिंतीवर होता. "बाबांना कॉपी करताना धरलं बघ." कुणीच हसलं नाही. "उतरव," मी म्हटलं. "त्यांची परीक्षा त्यांनी दिलीय." रतननं फोटो काढून माझ्या हातात दिला.

"आई, तुम्ही बाहेर बसा," दीक्षा म्हणाली. "दार ओढून घ्या."

बाहेर गॅलरीत शालनबाई खुर्ची टाकून बसल्या होत्या. ही बिल्डिंग त्यांच्याच शेतावर उभी आहे, त्यांच्या मुलांनी बांधली, आम्ही दोन खोल्या घेतल्या. मांडीवर फोटो घेऊन मी शेजारी बसले तशा त्यांनी डोळे बारीक केले.

"काय गं तानुबाई, सुनंनं भाईर काढलं? आन् खंडूभाऊंना बी?"

"परीक्षा आहे तिची. आत दुसऱ्याचं तोंड दिसायला नको."

"अगं बया! आमच्यात इटाळाला भाईर बसवायचे, आता परीक्षंला बसवत्यात व्हय?" त्या खळखळून हसल्या. मग खालच्या पार्किंगकडे बोट केलं. "ती पांढरी गाडी हाय ना, तितं आमचा हरभरा असायचा. घाटे खाऊन खाऊन व्हट खारट व्हायचे." थोड्या वेळानं म्हणाल्या, "तुला न्हाई वाटत गं, आपन बी शिकलो असतो तर?"

"नाही," मी म्हटलं.

"मला बी न्हाई," त्या म्हणाल्या आणि पार्किंगकडे बघत राहिल्या.

दारापलीकडून काहीच ऐकू येत नव्हतं. मधेच पेनाची टकटक यायची, मग थांबायची. आत कोणते प्रश्न येतात हे मला पाठ होतं. आकडे बदलत होते, पण चाल तीच. आत्ता ती भागाकाराशी असेल, आत्ता त्या दोन गाड्यांच्या उदाहरणाशी, तिथं चुकायला हवं, सगळे तिथं चुकतात, मीही पहिल्यांदा चुकले. आणि शेवटी ते समीकरण, डोक्यावर दोन असलेलं, जे मला दोन्ही वेळा सुटलं नाही. मला वाटलं, तिला दहा मिळावेत. अकरा नकोत, अकरा माझे. दहा मिळाले तर मी तिला जवळ घेईन, पायांचे ते वळ कोमट तेलानं चोळून देईन, पुढच्या वर्षी बघू म्हणेन, रतनला सांगेन की तिला कामाला लावू नकोस. तिच्यावर माया करायला मी अगदी तयार होते, दहावर. मांडीवर रतनचे बाबा कंपनीच्या ओळखपत्राच्या फोटोत असतात तसे बघत होते, नाकाच्या सरळ रेषेत, कुणाकडेच नाही. मशीनवर घेतल्याचं पत्र आलं त्या दिवशी त्यांनी जिलेबी आणली होती. सगळ्या आळीला वाटली. मला शेवटी मिळाली आणि गोड लागली. तेव्हा मी चोवीस-पंचवीसची होते आणि मला वाटलं होतं, यांचं झालं, आता पुढचा नंबर माझा असेल. असं कुणी सांगितलं नव्हतं. मीच मानलं होतं.

फोन मांडीवर थरथरला, फोटोच्या काचेवर. अभिनंदन विद्यार्थी. आपल्याला चौदा गुण मिळाले असून आपला प्रवेश निश्चित झाला आहे. आतून अजून काही आवाज नव्हता. तिच्याआधी मला कळलं होतं. या वेळी मी उठले नाही. चौदातून अकरा काढले, मग तेच पुन्हा काढले. मग आतून दीक्षाची किंकाळी आली, जिन्यात बसलेला रतन धावला, शालनबाई म्हणाल्या, "झाली वाटतं पास," आणि मी फोटो पदरानं पुसला.

रतन पेढे आणायला खाली उतरला. भिंतीवर खिळ्याखाली फोटोच्या आकाराचा उजळ चौकोन दिसत होता. मी फोटो परत लावू लागले, हात पुरेना. दीक्षानं स्टूल ओढलं, चढली, फोटो लावला, हार सरळ केला आणि खाली उतरून पुन्हा लॅपटॉपशी बसली.

"शेवटचं तुम्ही दोन्ही वेळा सोडून दिलंत," ती म्हणाली. "मला दिसतं इथं, काय बरोबर आणि काय चूक."

"येत नव्हतं."

"मला विचारायचं."

मी स्टूल भिंतीला सरकवलं.

"माझं वर्ष गेलं असतं आई. कंपनीनं पुढं ठेवलंच नसतं मला. तुम्हाला माहीत होतं ना?"

"पहिल्या वेळी नव्हतं."

तिनं मान हलवली. दुसऱ्या वेळेचं तिनं विचारलं नाही. बुचड्यातलं पेन काढून टेबलावर ठेवलं, केस मोकळे पाठीवर पडले, आणि एकदम ती फार दमलेली दिसली, शिफ्ट संपवून आल्यासारखी. "तुम्हाला शिकायचंय का?" तिनं विचारलं. तिनं ते अगदी सरळ विचारलं. हो म्हटलं असतं तर ते तिच्याकडून घेतल्यासारखं झालं असतं. मी म्हटलं, "चहा टाकते."

"थांबा. मी नंबर बदलून घेते. माझा टाकते इथं. कंपनीत असताना काही आलं तर आलं, सुटल्यावर बघीन." ती टाइप करत होती. "जुन्या नंबरवर एक आकडा येईल. तेवढा सांगा."

आला. गोष्ट एवढीच होती. तो आकडा सांगितला की दुपारी डब्याला टेकवलेल्या फोनमध्ये ती चष्मेवाली बाई येणार नव्हती, समजा म्हणणार नव्हती, आणि डोक्यावरचा दोन कसा उतरवतात ते मला पुन्हा कुणी दाखवणार नव्हतं. दीक्षाची बोटं कळांवर थांबली होती. मी फोन लांब धरला.

"चार," मी म्हटलं. "नऊ. शून्य. दोन. सात." ती एकेक दाबत गेली. शेवटी आठ होता. "तीन," मी म्हटलं.

लॅपटॉपनं टुक केलं. आकडा चुकीचा आहे.

जिन्यात रतनची पावलं वाजत होती. दीक्षानं पडद्यावरची नजर काढली नाही. तिचा आवाज चढला नाही, उतरलाही नाही.

"तुमचा आकडा चुकत नाही, आई. पुन्हा सांगा."

मी चष्मा सारखा केला आणि पहिल्यापासून सांगितला, शेवटच्या आठासकट.